सावकाराची चिठ्ठी : व्यापारविषयक संशोधनात आधारांचा शोध व निर्देश

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावर पानिपत हे शहर वसलेले आहे. शहराबाहेर ‘काला अंब’ या नावाने ओळखली जाणारी एक जागा असून तेथे विटांचा स्तंभ, त्याच्या माथ्यावर लोखंडी दांडा आणि सभोवार लोखंडी कुंपण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात जी लढाई झाली, तिचे हे स्मारक होय. येथे पूर्वी एक आम्रवृक्ष होता आणि रणात सांडलेल्या रक्ताने तो काळवंडला, असे लोकपरंपरा सांगते.

रणभूमी म्हणून विख्यात असलेले हे स्थळ वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही एक धडा देते. पानिपतच्या पराभवाची वार्ता बाळाजी बाजीराव पेशव्यांना प्रथम एका व्यापारी पत्रातून कळली, अशी प्रसिद्ध हकीकत आहे. पेशवे नर्मदेच्या परिसरात असता सावकारांचा एक कासीद त्यांच्या सैन्याजवळून चालला होता. उत्तरेतील आडत्याने औरंगाबादच्या पेढीकडे पाठविलेले पत्र त्याच्यापाशी होते. ते पत्र उघडण्यात आले. त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हानीचा हिशेब सांकेतिक भाषेत लिहिला होता. गळालेले दोन मोती म्हणजे विश्वासराव व सदाशिवरावभाऊ, हरवलेल्या मोहरा म्हणजे मातबर सरदार, आणि ज्याची गणती होऊ शकत नाही तो खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई व बाजारबुणगे, हा त्याचा अर्थ जाणत्यांनी तत्काळ ओळखला.

अठराव्या शतकातील सावकारी दळणवळणावर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास या चिठ्ठीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. राजसत्तेच्या जासुदांपेक्षा पेढीचा कासीद लवकर पोचतो, यावरून व्यापाऱ्यांच्या संघटनेविषयी पुष्कळ अनुमान निघते. परंतु विद्यार्थी जेव्हा हे वाक्य आपल्या निबंधात उतरवून घेतो, तेव्हा त्याच्या हाती नेमके काय असते? सावकाराचे मूळ पत्र त्याने पाहिलेले नसते. बहुधा त्याने एखादे अलीकडचे पुस्तक वाचलेले असते. त्या पुस्तकाने आणखी एखाद्या पुस्तकाचा आधार घेतलेला असतो, आणि ही साखळी उलट दिशेने चालत गेल्यास ती जेम्स ग्रँट डफ यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासाशी येऊन पोचते. तेथे हे वाक्य इंग्रजीत आहे. मराठी पुस्तकांत ते निरनिराळ्या पाठांनी छापले जाते. काही पाठांत फुटलेल्या बांगड्यांचा उल्लेखही जोडलेला आढळतो. शंभर पुस्तकांत एक वाक्य आले म्हणून त्याला शंभर साक्षीदार मिळाले असे होत नाही. सर्वांचे मूळ एकच असेल, तर साक्षीदारही एकच.

पेठ आणि परपेठ

या प्रश्नाचे उत्तर व्यापाऱ्यांच्या जुन्या रिवाजातच सापडते. हुंडी वाटेत गहाळ झाली तर हुंडी करणारा तिची दुसरी प्रत देत असे. तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर तिसरी प्रत दिली जाई, ती परपेठ. पेठ ही मूळ हुंडीच्या ऐवजी दिलेली प्रत आहे, ही गोष्ट व्यवहारात कधी झाकली जात नसे. ती झाकली असती, तर एकाच रकमेची दोनदा वसुली झाली असती आणि पेढीची पत बुडाली असती.

संशोधनातील आधारांचेही असेच आहे. घटनेच्या वेळी किंवा घटनेच्या निकट निर्माण झालेले पत्र, हिशेब, करारनामा, दप्तरातील नोंद ही मूळ साधने होत. त्यांच्यावरून लिहिलेला ग्रंथ हे दुय्यम साधन. त्या ग्रंथावरून लिहिलेले पाठ्यपुस्तक किंवा कोशातील नोंद ही तिसऱ्या पायरीवरची. तिन्हींचा उपयोग आहे आणि एकाही पायरीत कमीपणा नाही. दोष येतो तो परपेठ हाती असताना मूळ हुंडी हाती असल्याचा आव आणण्यात. ज्याने ग्रँट डफ यांचे पुस्तक पाहिलेले नाही, त्याने आपल्या टिपेत ‘अमुक लेखकाने ग्रँट डफ यांच्यावरून दिल्याप्रमाणे’ असे स्पष्ट लिहावे. एवढ्या चार शब्दांनी वाचकाला आधाराची खरी पायरी कळते आणि पुढील शोध कोठून सुरू करावा हेही समजते.

टिपेचा दोर मध्येच तुटला तर काय होते, याचे उदाहरणही ग्रँट डफ यांच्याच ग्रंथात आहे. आपण वापरलेल्या अनेक मराठी कागदांच्या प्रती मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे त्यांनी नमूद केले होते. पुढील काळातील अभ्यासकांनी त्यांचा शोध घेतला तेव्हा त्या हाती लागल्या नाहीत. लेखकाने आपले कर्तव्य केले होते. पण संग्रह जतन न झाल्याने त्या टिपा वाचकाला कोठेच नेईनात. आधार देणे हे जसे लेखकाचे काम आहे, तसे आधार जपणे हे ग्रंथालयांचे व दप्तरखान्यांचे काम आहे.

सतरा लाख की नऊ लाख?

आकड्यांच्या बाबतीत सावधगिरी अधिकच लागते. १७६० च्या पावसाळ्यात दिल्ली हस्तगत केल्यावर सदाशिवरावभाऊंना फौजेच्या खर्चासाठी पैशाची मोठी तंगी जाणवली. तेव्हा लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून त्याची नाणी पाडण्यात आली. या छतापासून रक्कम किती मिळाली? एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध इंग्रजी इतिहासग्रंथांत सतरा लाख रुपये हा आकडा दिलेला आढळतो. यदुनाथ सरकार यांनी मोगल साम्राज्याच्या पतनावरील ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, १९३४ मध्ये, नऊ लाख रुपये हा आकडा दिला.

दोन आकड्यांत जवळजवळ दुपटीचे अंतर आहे. युद्धकाळातील अर्थव्यवहारावर लिहिणारा विद्यार्थी यांपैकी कोणताही एक आकडा टीप न देता लिहील, तर त्याचा पुढील सारा हिशेब त्या एका अंकावर डोलत राहील. फौजेचा मासिक खर्च काय, ही रक्कम किती दिवस पुरली असती, सावकारांकडून कर्ज काढणे का भाग पडले, या सर्व प्रश्नांची उत्तरे बदलतील. अशा वेळी दोन्ही आकडे त्यांच्या आधारांसह द्यावेत, प्रत्येक लेखकाने कोणत्या साधनावरून आकडा घेतला ते पाहावे, आणि आपण एक का निवडला त्याचे कारण सांगावे. दोहोंची सरासरी काढून तेरा लाख लिहिणे हा तर सर्वांत वाईट मार्ग होय. कारण तेरा लाखांना कोणत्याही कागदाचा आधार नाही.

भाषांतराच्या बाबतीतही हीच दक्षता आवश्यक आहे. पानिपतचा एक महत्त्वाचा साक्षीदार काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. त्याने लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी आपली हकीकत फार्सीत लिहिली. जेम्स ब्राऊन यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तिसऱ्या खंडात आले. १९२६ मध्ये एच. जी. रॉलिन्सन यांनी ते स्वतंत्र पुस्तकरूपाने संपादित केले. पुढे १९३४ मध्ये यदुनाथ सरकार यांनी मूळ फार्सीवरून नवे भाषांतर प्रसिद्ध केले. तेव्हा ‘काशीराज म्हणतो’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या भाषांतरातील काशीराज, हे सांगितले पाहिजे. शिवाय साक्षीदार कोणत्या छावणीत होता आणि किती वर्षांनी बोलत आहे, हेही वाचकास कळले पाहिजे.

साधने कशी शोधावीत

मराठी वाचकास साधनांच्या शोधाची परंपरा नवी नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे असून पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना धाडलेली पत्रेही आहेत. पैसा पाठवा, रसद पाठवा, ही निकड त्यांत वारंवार येते. लष्करी इतिहासासाठी शोधलेले हे कागद अशा रीतीने आर्थिक इतिहासाचेही साधन ठरले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. तरीही पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी लिपीतील असंख्य कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि त्यांतील बहुतेक छापले गेलेले नाहीत.

एवढ्या पसाऱ्यात शिरण्यापूर्वी प्रश्न नेमका करावा लागतो. ‘मराठ्यांचा व्यापार’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘१७५० ते १७६१ या काळात पुण्याहून उत्तरेत पैसा कोणत्या मार्गांनी जाई?’ हा प्रश्न झाला, कारण त्याचे उत्तर कोणत्या कागदांत असेल याचा अंदाज बांधता येतो. प्रश्न ठरल्यावर शब्दांची यादी करावी. आजचा विद्यार्थी ‘बँक’ किंवा ‘वित्तपुरवठा’ हे शब्द घेऊन जुन्या सूचीत शोधील, तर त्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. त्या काळचे कागद सावकार, सराफ, पेढी, हुंडी, हुंडणावळ, बट्टा, वरात, भरणा अशा शब्दांनी बोलतात. एकाच गोष्टीची दोन काळांतील व दोन भाषांतील नावे शेजारी शेजारी लिहून घेणे, ही शोधाची पहिली किल्ली होय.

त्यानंतर वरच्या पायरीवरून खाली उतरावे. प्रथम कोश व साधनसूची पाहावी. वि. दा. दिवेकर यांनी भारताच्या आर्थिक व सामाजिक इतिहासाविषयी मराठीत उपलब्ध असलेल्या साहित्याचा आढावा इंग्रजीत सिद्ध केला, तो १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आला. असा एक आढावा महिन्यांचे श्रम वाचवितो. मग त्या विषयावरील मान्य ग्रंथ वाचावेत आणि त्यांच्या तळटिपा मजकुराइतक्याच लक्षपूर्वक वाचाव्यात. तळटीप म्हणजे आधीच्या संशोधकाने मागे ठेवलेली वाटेची खूण असते. त्या खुणेवरून मूळ कागदापर्यंत जावे. उलट दिशेचा शोधही तितकाच आवश्यक आहे. एखादा ग्रंथ निघाल्यानंतर पुढे कोणी त्याचा आधार घेतला, कोणी त्याचे खंडन केले, हे न पाहिल्यास विद्यार्थी खोडून निघालेले मत नवे म्हणून मांडण्याचा संभव असतो. युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली विज्ञान-निर्देश-सूची याच उलट शोधासाठी होती. आज संगणकावरील अनेक सूच्या हे काम काही क्षणांत करतात.

शोध किती दूर न्यावा आणि कोठे थांबला हे सांगण्याचा प्रामाणिकपणाही अभ्यासकास हवा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजय रामचंद्र गाडगीळ यांनी आधुनिक भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमावर १९५९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या उपशीर्षकातच त्यास ‘अंतरिम अहवाल’ म्हटले. विषयाचा अधिकारी विद्वान आपल्या निष्कर्षांना अंतरिम म्हणतो, यातच संशोधनाची शिस्त दिसून येते.

टिपेची अंगे

व्यापाऱ्याच्या वहीत खतावणीतील प्रत्येक रकमेपुढे कीर्दीचे पान लिहिलेले असते. खात्यावरील रकमेविषयी शंका आली की त्या पानावर जाऊन मूळ नोंद पाहता येते. टिपेचे काम तेच आहे. म्हणून तिच्यात तेवढी माहिती असावी लागते, जेवढीने अनोळखी वाचक त्याच पानावर पोचेल. छापील ग्रंथासाठी लेखक, ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशनाचे स्थळ, वर्ष आणि पृष्ठ; नियतकालिकातील लेखासाठी याशिवाय नियतकालिकाचे नाव, खंड व अंक; हस्तलिखित कागदासाठी संग्रहाचे नाव, दप्तर किंवा रुमाल, कागदाची तारीख, आणि तो कोणी कोणास लिहिला ते. संगणकावरील मजकूर बदलू शकतो अथवा नाहीसा होऊ शकतो. म्हणून तो केव्हा पाहिला ती तारीखही नोंदवावी.

आवृत्तीचा उल्लेख अनेकांस अनावश्यक वाटतो. परंतु त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा पानिपतवरील ग्रंथ १९४६ मध्ये इंग्रजीत निघाला आणि १९६१ मध्ये मराठीत. केवळ ‘शेजवलकर, पृष्ठ अमुक’ असे लिहिल्यास वाचक चुकीच्या पुस्तकात ते पान उघडील.

टिपा लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. शिकागो विद्यापीठाची पद्धती १९०६ पासून छापील स्वरूपात आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पद्धतीचा आरंभ १९२९ चा. व्यवस्थापन व व्यापार या विषयांत लेखकाचे आडनाव व वर्ष मजकुरातच देण्याची रीत विशेष रूढ आहे, तर इतिहासात तळटीप अधिक चालते. कोणतीही एक पद्धती घ्यावी आणि ती अखेरपर्यंत पाळावी.

आजचे पानिपत

हे सारे केवळ अठराव्या शतकाच्या अभ्यासकासाठी आहे असे समजू नये. आजचे पानिपत वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी येथील हातमागाला नवे बळ दिले. पुढे जगभरातून येणारे जुने कपडे फाडून, पिंजून, त्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा व त्याच्या घोंगड्या-ब्लँकेटे विणण्याचा धंदा येथे वाढला. या उद्योगावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मोठमोठे आकडे सहज मिळतात. गिरण्या किती, कामगार किती, उलाढाल किती कोटींची, हे लेखांतून सर्रास छापले जाते. परंतु ते मोजले कोणी, केव्हा आणि कसे, हे पुष्कळदा सांगितलेले नसते.

मोजण्याची व्याख्या बदलली की आकडा बदलतो. भारत सरकारची वार्षिक उद्योग पाहणी वर्षानुवर्षे १९४८ च्या कारखाने कायद्यातील व्याख्येवर आधारलेली होती. वीज वापरणारा व किमान १० कामगारांचा, अथवा विजेविना चालणारा व किमान २० कामगारांचा, तो कारखाना. घराच्या पडवीत चार माणसांनी चालविलेला माग या व्याख्येत बसत नसे. तेव्हा पाहणीतील संख्या आणि व्यापारी संघाने सांगितलेली संख्या भिन्न येणे साहजिक आहे. दोन्ही खऱ्या असू शकतात. पण त्या एकाच गोष्टीच्या संख्या नसतात. अशा आकड्यांवर पुढे कर्जाच्या योजना आखल्या जातात, सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची क्षमता ठरते, कामगारांच्या विम्याची तरतूद होते. टीप नसलेला एक आकडा अहवालातून अहवालात गेला, तर ज्या विणकराची गणतीच झाली नाही त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. खुर्दा मोजला जात नाही, हे दुःख १७६१ मध्येच संपले असे म्हणता येत नाही.

नवी साधने, जुनी कसोटी

आज विद्यार्थ्यापाशी पूर्वी कल्पनेतही नसलेली साधने आहेत. इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध घरबसल्या वाचता येतात. लेखांना कायम ओळखक्रमांक दिले जातात, त्यामुळे पत्ता बदलला तरी लेख सापडतो. परंतु यंत्राने सुलभता आणली तशी नवी जोखीमही आणली. मागणीबरहुकूम मजकूर रचून देणारी संगणकीय साधने अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे, लेखक आणि पृष्ठांसह, हुबेहूब रचून देऊ शकतात. हुंडी दिसायला बिनचूक असावी आणि जिच्यावर ती काढली ती पेढीच नसावी, तसा हा प्रकार. त्यावर उपाय एकच: जे पुस्तक उघडून पाहिले नाही, ते पाहिले म्हणून टिपेत लिहू नये.

उसनवारीविषयी नियमही आता कडक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील १० टक्क्यांहून अधिक मजकूर इतरांशी जुळत असल्यास तो सुधारून पुन्हा सादर करावा लागतो. ६० टक्क्यांहून अधिक जुळल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. मात्र टिपेचे प्रयोजन शिक्षा चुकविणे एवढेच मानणे योग्य नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक असे की, वाचकाचा वेळ वाचविला पाहिजे. चांगली टीप नेमके हेच करते. एकाने केलेला शोध दुसऱ्याला पुन्हा करावा लागू नये, आणि पहिल्याची चूक असेल तर ती दुसऱ्याला सापडावी, अशी सोय तिच्यात असते.

शाळेतील निबंधापासूनच ही सवय लावता येते. दहा ओळींच्या निबंधातही एक आकडा आला, तर तो कोठून घेतला हे कंसात लिहावे. गावातील बाजारभावांवर लिहिणाऱ्या मुलाने कोणत्या वारी, कोणत्या दुकानी भाव विचारला ते टिपून ठेवावे. त्याची ती वही दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाचे मूळ साधन ठरेल.